‘रिले हेल्दी’ आणि माझी कालबाह्य पिढी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

बसबार प्रोटेक्शनमधील (सबस्टेशनमध्ये सर्व लाइन जिला जोडलेल्या असतात त्या बसच्या संरक्षणातील) फॉल्ट रेकॉर्ड, म्हणजे बिघाडाच्या वेळच्या करंटच्या नोंदी, कसे वाचावेत, या माझ्या मागील लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. तीत चार आक्षेप आहेत. त्यांपैकी एक मी विनाअट मान्य करतो. कॉमट्रेड हे रेकॉर्डच्या फाइलचे प्रमाणित स्वरूप १९९९ साली आले, असे मी लिहिले होते. ते मुळात १९९१ चे असून १९९९ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. चूक माझीच आहे. मात्र ती दाखवताना ‘लिहिण्याआधी निदान गूगल तरी करायचे’ हा शेरा मारला नसतात, तरी चूक तेवढीच स्पष्ट दिसली असती. सॅम्पलिंगचा दर आणि फॉल्टपूर्व भागाची लांबी यांविषयीचे आपले दोन मुद्दे ज्याच्या त्याच्या सेटिंगचे आहेत. त्यांवर वेळ घालवण्यात मला स्वारस्य नाही.

मला खटकले ते रिलेविषयीचे, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या उपकरणाविषयीचे, आपले शेवटचे वाक्य : ‘आजचा न्यूमरिकल रिले अहोरात्र स्वतःला तपासतो, ठरावीक मुदतीच्या टेस्टिंगचा आग्रह हा इलेक्ट्रोमेकॅनिकल जमान्यात अडकलेल्या पिढीचा हट्ट आहे.’ येथे पिढीचे काय काम होते, ते मला उमगलेले नाही. मी एकतीस वर्षे टेस्टिंग विभागात काढली, त्यांतील निम्मी न्यूमरिकल, म्हणजे संगणकीय, रिलेंसोबत. आमच्या विभागात पॅनेलसमोर स्टूल टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन पहिल्यांदा बसलो तो मीच. ही आत्मप्रौढी वाटेल, पण विषय आपण काढलात.

रिले स्वतःला तपासतो हे खरेच आहे. तो आपली मेमरी, वीजपुरवठा, ॲनालॉग-डिजिटल रूपांतर आणि प्रत्येक बेचे (बसला जोडलेल्या एकेका सर्किटचे) युनिट व सेंट्रल युनिट यांमधील फायबरची जोडणी सतत पाहत असतो, आणि त्यांत बिघाड झाला की वॉचडॉग, म्हणजे रिले बिघडल्याचे कळवणारा कॉन्टॅक्ट, पडतो. परंतु हे सारे त्याच्या डब्याच्या आतले आहे. कोणता बे कोणत्या बसवर आहे, हे त्याला यार्डातील आयसोलेटरचा (बेला बसशी जोडणाऱ्या स्विचचा) ऑक्झिलरी, म्हणजे त्याची स्थिती कळवणारा, कॉन्टॅक्ट सांगतो, आणि त्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

एका २२० केव्ही सबस्टेशनमध्ये संध्याकाळी एक फीडर (लाइन) बस-१ वरून बस-२ वर घेण्यात आला. दोन्ही बस जोडणारा कप्लर क्लोज होता, बस-२ च्या आयसोलेटरची पाती नीट बसलेली डोळ्यांना दिसत होती. पण ऑक्झिलरी स्विचचा दांडा फिरवणारी पिन तुटली होती. त्यामुळे ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे दोन्ही कॉन्टॅक्ट जुन्याच जागी राहिले. दोघांचे एकमेकांशी जुळत असल्याने विसंगतीचा अलार्मही आला नाही. बस-१ चा आयसोलेटर ओपन होताच तो बे रिलेच्या हिशेबी कुठल्याच बसवर उरला नाही. डिफरन्शियल करंटचा, म्हणजे बसमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या करंटची बेरीज शून्य न येण्याचा, अलार्म आला, रिलेने बस-२ चा झोन (त्या बसचे संरक्षण) ब्लॉक केला, आणि पॅनेलवरचा ‘हेल्दी’चा हिरवा दिवा मात्र शांतपणे तेवत राहिला.

‘अलार्म आला, म्हणजे स्व-निरीक्षणाने पकडलेच की,’ असे आपण म्हणाल. काय पकडले? सर्वांचा संशय सीटीवर, म्हणजे करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, गेला आणि दोन जण टॉर्च घेऊन तीन तास मार्शलिंग बॉक्समधील (वायरी एकत्र येतात त्या पेटीतील) टर्मिनल तपासत बसले. मी पोहोचल्यावर रेकॉर्ड उतरवून घेतला. बस-२ च्या झोनचा डिफरन्शियल करंट त्या बेच्या करंटवर ठेवून पाहिला, तर तिन्ही फेजमध्ये लाटेला लाट जुळत होती, फक्त उलटी. आणि आयसोलेटरची स्थिती न विचारता सर्व बेंची बेरीज करणारा चेक झोन शून्याजवळ होता. सीटीची वायर सुटली असती, तर बिघाड बहुधा एकाच फेजमध्ये दिसला असता आणि चेक झोननेही तो दाखवला असता. माणूस यार्डात पाठवला. ऑक्झिलरी स्विचच्या पेटीच्या तळाशी गंजलेल्या पिनचे दोन तुकडे मिळाले.

त्या तीन तासांत बस-२ वर फॉल्ट झाला असता, तर तो लाइनच्या समोरच्या टोकांच्या डिस्टन्स रिलेंनी (फॉल्टचे अंतर मोजणाऱ्या) त्यांच्या दुसऱ्या, उशिराच्या टप्प्यात, म्हणजे सर्वसाधारणपणे ३५० मिलिसेकंदांनंतर तोडला असता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानकांत २२० केव्हीवर फॉल्ट तोडण्यासाठी १६० मिलिसेकंदांची मर्यादा आहे. आयसोलेटर प्रत्यक्ष हलवून रिलेतील स्थिती जुळवून पाहण्याची चाचणी त्या बेवर सहा वर्षे झालेली नव्हती. कारण विचारले, तेव्हा मिळालेले उत्तर जवळजवळ आपल्याच शब्दांत होते.

ट्रिपच्या बाजूची कथाही वेगळी नाही : टेस्टिंगनंतर उघडी राहिलेली ट्रिप लिंक (ब्रेकरकडे ट्रिपचा आदेश नेणारी जोडणी) कोणत्याही वॉचडॉगला दिसत नाही. हा मुद्दा टेस्टिंगच्याच विरोधात जातो, असे आपण लगेच लिहाल, याची मला कल्पना आहे. लिहावे. पण त्याआधी आपल्या सबस्टेशनमध्ये आयसोलेटरची पेटी शेवटची कोणी आणि कधी उघडली, ती तारीख रजिस्टरमध्ये पाहून कळवावी. पिढीची चर्चा मग सावकाश करू.

मूळ लेखातील १९९९ हे वर्ष आज सकाळी दुरुस्त केले आहे.