सगळे आर्मेनियन एकाच कथेत मावत नाहीत

दर वर्षी २४ एप्रिल जवळ आला की आर्मेनियन लोकांविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर मोठ्या आस्थेने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: जगभर विखुरलेला प्रत्येक आर्मेनियन माणूस १९१५च्या नरसंहारातून वाचलेल्यांचा वंशज आहे, तो कुठेही असला तरी एकच भाषा बोलतो, एकाच चर्चला मानतो आणि आर्मेनियात परतण्याचे एकच स्वप्न पाहतो, आणि ज्याने भाषा किंवा धर्म सोडला तो आर्मेनियन उरला नाही. चिवटपणे टिकलेल्या समाजाचे उदाहरण म्हणून हा मजकूर दिला जातो आणि त्यामागची सहानुभूती खरी असते. पण त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे. ही चूक निरुपद्रवीही नाही, कारण या चौकटीत न बसणाऱ्या आर्मेनियन माणसांना आपले आर्मेनियनपण आपल्याच लोकांपुढे सिद्ध करत राहावे लागते.

येथे नरसंहाराविषयी वाद नाही. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजच्या इस्तंबूलमध्ये) आर्मेनियन विचारवंतांची धरपकड झाली आणि पुढच्या काळात ऑटोमन साम्राज्यातील लाखो आर्मेनियन मारले गेले किंवा सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलले गेले. फ्रान्स, लेबनॉन, सीरिया आणि अमेरिकेतील बहुसंख्य आर्मेनियन कुटुंबांचा इतिहास त्या घटनेपासून वेगळा काढता येत नाही. परंतु यातून सगळ्याच स्थलांतरित आर्मेनियनांचा उगम १९१५मध्ये आहे, असे सिद्ध होत नाही.

इराणचा शाह अब्बास पहिला याने १६०४-०५मध्ये अरस नदीकाठच्या जुल्फा शहरातील आर्मेनियनांना उठवून इस्फहानजवळ वसवले, आणि त्या नव्या जुल्फातील व्यापाऱ्यांच्या पेढ्या पुढे सुरत, मद्रास, कोलकाता, मनिला आणि ॲमस्टरडॅमपर्यंत पोहोचल्या. कोलकात्याचे आर्मेनियन चर्च १७२४चे आहे आणि मुंबईच्या फोर्ट भागातील १७९६चे. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक १७९४ साली निघाले ते मद्रासमध्ये. आजच्या युक्रेनमधील ल्विव शहरात आर्मेनियन कॅथेड्रल चौदाव्या शतकात उभे राहिले. या लोकांच्या स्मृतीत १९१५ येते ती दूरच्या भावकीवर कोसळलेल्या आपत्तीसारखी. दुसऱ्या टोकाला अझरबैजानची राजधानी बाकू येथील आर्मेनियन आहेत. १९८८मध्ये तेथून जवळच्या सुमगाइत शहरात आर्मेनियनांविरुद्ध हिंसाचार झाला, १९९०पर्यंत बाकूही त्यांना सोडावे लागले, आणि रशियन भाषेत शिकलेली ही शहरी माणसे आर्मेनियात निर्वासित म्हणून आली तेव्हा त्यांच्यातील अनेकांना तेथे परकेच वाटले. कित्येक जण पुढे रशियात किंवा अमेरिकेत गेले. त्यांचे हरवलेले घर बाकूमध्ये आहे. २०२३च्या सप्टेंबरमध्ये नागोर्नो-काराबाख हा अझरबैजानमधील आर्मेनियन वस्तीचा प्रदेश सोडून निघालेल्या एक लाखाहून अधिक लोकांचे घर आणखी तिसरीकडे.

एका भाषेचा दावा अधिक बारकाईने तपासायला हवा, कारण याच मुद्द्यावर माणसे एकमेकांना सर्वाधिक दुखावतात. आधुनिक आर्मेनियन भाषेची दोन प्रमाण रूपे आहेत. आर्मेनिया, इराण आणि रशियातील आर्मेनियन लोक पूर्वेकडील आर्मेनियन बोलतात, तर ऑटोमन प्रदेशातून विखुरलेल्यांचे वंशज, म्हणजे बैरूत, अलेप्पो, पॅरिस, बॉस्टन येथील कुटुंबे, पश्चिमी आर्मेनियन. उच्चार इतके वेगळे की एकाचा पेत्रोस दुसऱ्याकडे बेद्रोस होतो आणि ग्रिगोरचा क्रिकोर. सोव्हिएत आर्मेनियाने १९२२मध्ये लेखनपद्धती बदलली, ती परदेशस्थांनी स्वीकारली नाही. त्यामुळे इराणमधील आर्मेनियन बोलतात आर्मेनियाची राजधानी येरेवानसारखे आणि लिहितात बैरूतसारखे. पश्चिमी रूपामागे कोणतेही राज्य उभे नाही, आणि युनेस्कोने २०१०मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त भाषांमध्ये केली. लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेलमध्ये बैरूतहून, तेहरानहून आणि येरेवानहून आलेली कुटुंबे शेजारी राहतात, आणि तेथे आपले बोलणे अशुद्ध ठरवले जाण्याचा अनुभव या तिघांच्याही मुलांना येऊ शकतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ‘पिढ्यान्‌पिढ्या जपलेली भाषा’ हे चित्रच अनेक कुटुंबांच्या बाबतीत उलटे आहे. ल्विव आणि कामियानेत्सच्या आर्मेनियनांनी सोळाव्या-सतराव्या शतकात आपली कागदपत्रे किपचाक या तुर्की वंशाच्या भाषेत, पण आर्मेनियन लिपीत लिहिली. आजच्या तुर्कस्तानातील किलिकिया आणि कायसेरी परिसरातील कितीतरी आर्मेनियनांची घरातली भाषा तुर्की होती. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यासाठी आर्मेनियन लिपीत तुर्की ग्रंथ आणि वृत्तपत्रे छापली जात. नरसंहारातून वाचून अलेप्पो आणि बैरूतच्या छावण्यांत पोहोचलेल्या या माणसांच्या मुलांनी आर्मेनियन भाषा शिकली ती तेथे उभारलेल्या शाळांमध्ये. ज्या आजीने तुर्कीत अंगाई गायली आणि तुर्कीतच शोक केला, तिचे आर्मेनियनपण तिच्या शालेय शिक्षण घेतलेल्या नातवापेक्षा कमी होते, असे म्हणण्याचे धाडस या मजकुराच्या लेखकाने करून दाखवावे.

एका चर्चविषयीच्या विधानावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. आर्मेनियन कॅथलिक आहेत. व्हेनिसच्या सान लाझारो बेटावर त्यांच्या मखिथारी संन्याशांचा मठ १७१७पासून आहे. इव्हँजेलिकल आर्मेनियनांचे स्वतंत्र चर्च १८४६मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये स्थापन झाले. बहुसंख्य आर्मेनियनांच्या मूळ अपोस्टोलिक चर्चमध्येही आर्मेनियातील एचमियाजिन आणि लेबनॉनमधील अंतेलियास अशी दोन धर्मपीठे आहेत, आणि राजकीय पक्षांतले वैर चर्चमध्ये इतके शिरले की १९३३च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये आर्चबिशप तूरियान यांचा उपासनेच्या वेळी खून झाला. अमेरिकेतील पुढच्या पिढ्यांत एकाच गावचे आर्मेनियन दोन वेगळ्या चर्चना जाऊ लागले आणि एकमेकांच्या समारंभांना टाळू लागले.

आता परतण्याच्या स्वप्नाविषयी. परतायचे कोठे, हा पहिला प्रश्न. खारपुत, मराश, सिवास, वान येथून निघालेल्यांची गावे तुर्कस्तानात आहेत. आजचे आर्मेनिया प्रजासत्ताक त्यांच्या आजोबांनी पाहिलेही नव्हते. तरीही १९४६ ते १९४८ या काळात सोव्हिएत आवाहनाला प्रतिसाद देऊन सीरिया, लेबनॉन, इराण, ग्रीस, फ्रान्स, इजिप्त येथून सुमारे ९०,००० लोक सोव्हिएत आर्मेनियात गेले. तेथे त्यांना टंचाई, स्थानिकांचा तुच्छतेचा सूर आणि राज्ययंत्रणेचा संशय वाट्याला आला, आणि १९४९च्या जूनमध्ये त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे सैबेरियातील अल्ताय प्रदेशात हद्दपार झाली. १९५६मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ख्रिस्तियां पिनो येरेवानला आले तेव्हा फ्रान्सहून आलेल्यांनी त्यांना गाठून माघारी नेण्याची विनवणी केली. मायदेशी पोहोचलेल्या माणसांना फ्रान्स हे घर वाटत होते, ही गोष्ट त्यांच्या देशप्रेमाच्या उणिवेचा पुरावा म्हणून कोणी वापरू नये. त्यांनी निष्ठा कृतीने दाखवली होती आणि तिची किंमतही मोजली होती. यांच्यातलीच अनेक कुटुंबे तेथेच रुजली, आणि त्यांच्या मुलांसाठी येरेवान हेच एकमेव घर झाले.

मूसा दाग डोंगरातील गावकऱ्यांचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. १९३९मध्ये हाताय प्रांत तुर्कस्तानात गेला तेव्हा त्यांच्यातील बहुतेक जण लेबनॉनमधील अंजार येथे गेले, आणि तेथील वस्त्यांना त्यांनी आपल्या सहा गावांची नावे दिली. पण वाकिफ्लीच्या काही कुटुंबांनी जागा सोडली नाही. ते आर्मेनियन गाव आजही तुर्कस्तानात आहे. निघालेल्यांचे बरोबर की राहिलेल्यांचे, हे बाहेरून कोणी ठरवावे? इस्तंबूलचे आर्मेनियन तर स्वतःला स्थलांतरित समाजात मोजायलाच अनेकदा नकार देतात, कारण ते शहर शतकानुशतके त्यांचे आहे. ह्रांत दिंक यांनी १९९६मध्ये तेथेच तुर्की आणि आर्मेनियन भाषांत ‘आगोस’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यांना धमक्या येत होत्या, तरी ते शहर सोडून गेले नाहीत, आणि १९ जानेवारी २००७ रोजी त्याच साप्ताहिकाच्या कार्यालयासमोर त्यांची हत्या झाली. फ्रान्समध्ये मिसाक मानुशियान या अनाथ निर्वासिताला नागरिकत्व मिळाले नाही. तरीही तो त्या देशासाठी नाझींविरुद्ध लढला आणि २१ फेब्रुवारी १९४४ रोजी गोळ्या घालून मारला गेला. बरोबर ८० वर्षांनी, २०२४मध्ये, त्याचे अवशेष पॅरिसच्या पाँतेओं या राष्ट्रीय थोरांच्या समाधिस्थळी ठेवण्यात आले.

शेवटचे विधान सर्वांत क्रूर आहे: भाषा किंवा धर्म गेला, की माणूस आर्मेनियन राहत नाही. १९१५मध्ये हजारो मुली आणि लहान मुले तुर्की, कुर्द व अरब घरांत राहिली, त्यांची नावे आणि धर्म बदलले. वकील फेथिये चेतिन यांनी २००४मध्ये आपल्या आजीचे मूळ आर्मेनियन नाव जाहीरपणे सांगितले, त्यानंतर तुर्कस्तानात अनेकांनी आपल्या घरातील अशा आज्यांविषयी बोलायला सुरुवात केली. या स्त्रियांना यादीतून वगळणे म्हणजे ज्यांनी त्यांची नावे पुसली त्यांचेच काम पुढे नेणे होय. ह्रांत दिंक यांच्या पत्नी राकेल आग्नेय तुर्कस्तानातील सिलोपी भागातील कुर्दी बोलणाऱ्या आर्मेनियन टोळीत जन्मल्या; आर्मेनियन भाषा त्या इस्तंबूलला आल्यावर शिकल्या. तुर्कस्तानातील दियारबाकिर शहराचे सुर्प गिरागोस हे आर्मेनियन चर्च २०११मध्ये पुन्हा उघडले तेव्हा तेथे आलेल्यांत मुसलमान म्हणून वाढलेले, आपले मूळ नुकतेच कळलेले लोकही होते. त्यांच्यातील काहींनी बाप्तिस्मा घेतला, इतरांनी घेतला नाही, आणि तरीही ते त्या प्रांगणात येत राहिले.

तुर्कस्तानात काळ्या समुद्राकाठच्या होपा परिसरात राहणारे हेमशिन लोक कित्येक पिढ्यांपासून मुसलमान आहेत आणि त्यांची बोली आर्मेनियन आहे. त्यांच्यातील पुष्कळ जण स्वतःला आर्मेनियन म्हणवत नाहीत, काही थोडे म्हणवतात. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोमध्ये तिसऱ्या-चौथ्या पिढीतील अनेक माणसे चर्चला नियमित जातात, स्वतःला ठामपणे आर्मेनियन म्हणवतात आणि भाषेतले मोजकेच शब्द जाणतात. भाषेची कसोटी लावली तर होपाचा माणूस आत येतो आणि फ्रेस्नोचा बाहेर जातो. धर्माची लावली तर याच्या उलट घडते. आणि दोन्ही एकत्र लावल्या तर दोघेही बाहेर पडतात. त्यांनी स्वतःविषयी काय म्हटले आहे, ते मात्र या मजकुरात कुठेही विचारलेले नाही.