उद्दीपन म्हणजे नुसती वायरिंग नव्हे

नमस्कार. वायू-लेसरवरच्या माझ्या लेखावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, बरं वाटलं. उद्दीपन (वायूच्या रेणूंना ऊर्जा पुरवणं) म्हणजे नुसती वायरिंग, आणि फायबर लेसर असताना यात ‘नवे लेसर’ कुठले, असं तुमचं म्हणणं. कार्यक्षमतेच्या आकड्यातली चूक कबूल. मी दिलेले ४० टक्के ही कार्बन डायऑक्साइडच्या ऊर्जापातळ्यांनी घालून दिलेली वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात साधारण १० ते २० टक्केच हाती लागतात. लेखात दुरुस्ती करतो.

रेणू बाजूला ठेवून मी उद्दीपनाचंच पुराण लावलं, हा आक्षेप मात्र मान्य नाही. १९६४ मध्ये कुमार पटेल यांनी बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर चालवला, तेव्हा शुद्ध वायूतून मिळणारी शक्ती मामुली होती. नायट्रोजन मिसळला आणि चित्र पालटलं. नायट्रोजनची पहिली कंपनपातळी आणि कार्बन डायऑक्साइडची वरची लेसर-पातळी (जिथून खाली येताना तो प्रकाश देतो) यांच्यात जेमतेम १८ प्रति सेंटिमीटरचा (हे वर्णपटशास्त्रातलं ऊर्जेचं एकक) फरक आहे. खोलीच्या तापमानाला रेणूंची औष्णिक ऊर्जाच त्याच एककात २०० च्या आसपास असते, त्यामुळे टक्कर झाली की ऊर्जा अलगद पलीकडे जाते. नायट्रोजन स्वतः ती प्रकाशरूपात सोडू शकत नाही, म्हणून जपून ठेवतो. प्रकाश देणारा रेणू तोच राहिला, बदलली ती ऊर्जा आत शिरायची वाट.

आणि ही वाट सोपी नसते. वातावरणीय दाबाला दोन इलेक्ट्रोडमधल्या वायूतून वीज सोडून (डिस्चार्ज करून) पाहा. क्षणभर सगळी पोकळी जांभळट उजळते, आणि तेवढ्यात कडाडून एक पांढरा, सुतासारखा आर्क (विजेची ठिणगी) पडतो. सगळा प्रवाह त्या एका सुतातून जातो, बाकीचा वायू कोरडाच. आधी अतिनील किरणांनी वायूभर थोडे इलेक्ट्रॉन पेरून ठेवायचे आणि मग मायक्रोसेकंदाच्या आत ऊर्जा ओतायची, हे जमलं तेव्हाच वातावरणीय दाबावरचे वायू-लेसर भरवशाचे झाले. याला नुसती वायरिंग कसं म्हणू?

आता फायबर लेसर, म्हणजे काचेच्या तंतूत प्रकाश निर्माण करणारे. धातू कापण्यात त्यांनी बाजी मारली, वादच नाही. पण ते चालतात एक-दोन मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास. टेराहर्ट्‌झ पट्ट्यात (सूक्ष्मलहरी आणि अवरक्त यांच्या मधल्या) रेणूंची परिवलनं, म्हणजे त्यांचं स्वतःभोवती फिरणं, कामाला येतात. १९७० पासून तिथे कार्बन डायऑक्साइड लेसरने दुसरा वायू उद्दीपित करत आले, पण त्या लेसरच्या ठरावीक रेषांपैकी (तरंगलांब्यांपैकी) एखादी दुसऱ्या वायूच्या रेणूच्या शोषणरेषेशी योगायोगाने जुळावी लागायची. २०१९ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी तरंगलांबी हवी तशी सरकवता येणारा क्वांटम कॅस्केड लेसर (एक प्रकारचा अर्धवाहक लेसर) वापरला आणि नायट्रस ऑक्साइडसारख्या साध्या रेणूतून ०.२५ ते ०.९५ टेराहर्ट्‌झपर्यंतच्या कितीतरी रेषा मिळवल्या. योगायोगाची अटच गेली. पूर्वी रेषा जुळत नाही म्हणून बाजूला ठेवलेले रेणू आता पुन्हा तपासायला हवेत, आणि मी लेखात ‘नवे लेसर’ म्हणालो ते याच अर्थाने.