म्हणे देव नाचला!

आत्याने परवा भल्या पहाटे घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज ढकलला आणि खाली विचारलं, "हे खरं का रे?" आत्या अलिबागची. इस्राएल आळीतली तिची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी (ज्यू) मैत्रीण शाळेत एकाच बाकावर बसायची. साठ वर्षांची ओळख. त्या ओळखीवर एका फॉरवर्डमुळे शंका यावी याचाच जास्त राग आला.

मेसेज असा: यहुद्यांना गुलामीतून सोडवून नेताना मोशेने तांबडा समुद्र दुभंगला, पाठलागावरचे मिसरी (इजिप्तचे लोक) बुडाले आणि यहुद्यांचा देव आनंदाने नाचला. त्या मढ्यांवरचा जल्लोष म्हणजे वल्हांडण सण. सणाला ते शत्रूचं रक्त म्हणून वाइनचे थेंब पितात. 'परक्यांतला उत्तम माणूसही मारा' ही त्यांची धर्माज्ञा. आणि पुरावा काय, तर समुद्रतळाशी सापडलेली फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, रथाची सोन्याची चाकं!

चाकांचं आधी उरकतो. दावा जुनाच, पुराव्याशिवायचा; २०१४ साली थट्टेच्या खोट्या बातम्या देणाऱ्या एका साइटवरून अशीच 'बातमी' पुन्हा पसरली. संपलं.

आता देव नाचला, ते. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, मगिल्ला या भागात, दहाव्या पानाच्या मागच्या बाजूला रब्बी (धर्मगुरू) योहानान यांच्या नावाने नेमकी उलट गोष्ट आहे. मिसरी बुडत असताना देवदूत स्तोत्र गायला निघाले, तेव्हा देवाने त्यांना दटावलं: माझ्या हातांनी घडवलेली माणसं समुद्रात बुडताहेत आणि तुम्ही गाणी गाता? हीच कथा सान्हेद्रिन भागातही आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तालमूदचं नाव तीनदा घेतलंय, पान एकदाही उघडलेलं नाही.

हां, माणसं गायली, हे मान्य. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात मोशेचं विजयगीत आहे, त्याची बहीण मिर्याम डफ घेऊन नाचते, आणि ते गीत आजही रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हणतात. तालमूदमध्येही पुढे लगेच म्हटलंय की देव स्वतः आनंद करत नाही, पण इतरांना करू देतो. सुटलेल्या गुलामांनी गाऊ नये असं कोण म्हणणार? आणि वल्हांडण मुळात त्या सुटकेचा सण.

थेंबांचं तर हसूच येतं. देवाने मिसरवर आणलेल्या दहा पीडांची नावं घेताना ते थेंब पीत नाहीत, प्याल्यातून काढून टाकतात. शिवाय आपल्या बेने इस्राएलांच्या घरी बऱ्याचदा वाइनही नसते, मनुकांचं सरबत असतं. आत्याने ते प्यायलंय! (उलट बाजूचे फॉरवर्डही जरा आवरा. 'शत्रूच्या दुःखात आपला आनंद कमी करतो म्हणून थेंब काढतो' हा अर्थ गोड आहे, पण अलीकडचा. जुना अर्थ 'ही पीडा आमच्यावर नको, वैऱ्यांवर जावो' असाच आहे.)

राहिली ती 'आज्ञा'. हा खरा विषारी भाग, कारण असं वाक्य खरंच आहे. मेखिल्ता या निर्गमवरच्या जुन्या भाष्यात प्रश्न येतो: पीडेत मिसरची गुरंढोरं मेली, मग फारोच्या रथांना घोडे आले कुठून? उत्तर असं की देवाच्या शब्दाला भिऊन ज्या मिसऱ्यांनी जनावरं घरात घेतली होती, त्यांचे वाचले. म्हणजे भल्या माणसांचे घोडेच पाठलागाला लागले. त्यावर रब्बी शिमोन बार योहाई कडवटपणे म्हणतात, मिसऱ्यांतला उत्तमही मारावा, सापांतल्या उत्तमाचंही डोकं ठेचावं. वाक्य वाईटच आहे, मी त्याची वकिली करणार नाही. पण बोलणारा कोण? ज्याचे गुरू अकिवा रोमनांनी हाल करून मारले आणि जो स्वतः रोमनांपासून बारा-तेरा वर्षं गुहेत लपला होता म्हणतात, तो. पुढच्या भाष्यकारांनी त्याला 'युद्धाच्या वेळी' असं कुंपण घातलं. आज्ञाच हवी तर ती तोरामध्ये, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथात आहे, त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात: मिसऱ्याचा तिरस्कार करू नकोस, कारण तू त्याच्या देशात उपरा होतास. ज्यांनी गुलाम केलं त्यांच्याबद्दल हे!

आणि त्याच मेखिल्तामध्ये बुडणाऱ्यांचीही प्रतवारी लावलीय: दुष्ट गवताच्या काडीसारखे वरखाली हेलकावत राहिले, मधले दगडासारखे गेले, भले शिशासारखे चटकन तळाला, म्हणजे हाल कमी. शत्रूच्या सैन्यातही भले होते, हे धरूनच चाललेत.

शोधायला फार लांबही जायला नको. वल्हांडणाच्या रात्री वाचतात ती हगादा नावाची पोथी १८४६ सालीच मुंबईत मराठीसह छापली गेली आहे.

एवढं सगळं आत्याला पाठवलं. तिचा उलट प्रश्न: "बरं, मग फारो बुडाला की नाही?" त्यावर रब्बींचंच एकमत नाही. रब्बी यहुदा म्हणतात बुडाला, रब्बी नेहेम्या म्हणतात तेवढा वाचला, आणि एका कथेत तर तो पुढे निनवे शहराचा राजा होऊन योना या संदेष्ट्याचं ऐकून पश्चात्ताप करतो. हे मात्र आत्याने लगेच पुढे ढकललं.