डेलानोच्या संपात शावेझ आठ दिवसांनी आले

कॅलिफोर्नियाचा द्राक्षमजुरांचा संप म्हटलं की सगळे सीझर शावेझचं नाव घेतात. पण ८ सप्टेंबर १९६५ ला डेलानोत काम बंद पाडलं ते फिलिपिनो मजुरांनी. पुढे होते लॅरी इटलिओंग, फिलिप वेरा क्रूझ, पीट वेलास्को. शावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना उतरली १६ तारखेला.

मागणी होती तासाला १ डॉलर ४० सेंट आणि वर पेटीमागे २५ सेंट. तासाचा हा दर त्याच वर्षी कोचेला खोऱ्यात संप करून मिळाला होता. कोचेलाची द्राक्षं सर्वात आधी बाजारात येतात, भाव चढा असतो आणि ऊन भाजून काढणारं. तयार घड वेलीवर राहिले तर काय होतं, हे नाशिक-सांगलीकडच्यांना सांगायला नको. मालक लगेच नमले. डेलानोत हंगाम लांब, मालकांना दम धरता आला. शिवाय एका जमातीचा संप दुसऱ्या जमातीचे मजूर आणून मोडायचा, हा त्यांचा जुना डाव. म्हणूनच इटलिओंग शावेझकडे गेले.

संपाची झळ फिलिपिनोंना आधी लागली. बरेचसे उतारवयातले, एकटे, मालकाच्याच कॅम्पात राहणारे. कॅम्पातली वीज-पाणी तोडलं, माणसं बाहेर काढली. एकटे का, तर आले ते मुख्यतः तरुण पुरुष. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यांना गोऱ्या बायकांशी लग्न करायला बंदी घातली, आणि १९३४ पासून फिलिपिन्समधून वर्षाला फक्त ५० जणांना प्रवेश. संसार थाटणार कुणाशी?

संपाला जोड म्हणून द्राक्षांवर बहिष्कार पुकारला. तो चालला त्यामागे कायद्यातली एक गंमत आहे. १९३५ च्या कामगार कायद्यातून शेतमजूर वगळलेले, त्यामुळे युनियनला मान्यता द्यायची सक्ती मालकावर नव्हती. पण त्याच कायद्यात १९४७ ला घातलेली, दुसऱ्याच्या दुकानावर बहिष्कार टाकायची बंदीही या मजुरांना लागू नव्हती! द्राक्षं विकणाऱ्या दुकानांसमोर त्यांना बिनदिक्कत उभं राहता आलं. १९७० च्या जुलैत डेलानोच्या मालकांनी करार केले.

करारांनंतर मजूर नेमायचं काम युनियनच्या हॉलकडे, म्हणजे तिच्या भरती-कार्यालयाकडे गेलं. मुकादमाची मक्तेदारी संपली हे चांगलंच. पण वर्षानुवर्षं एकत्र राबणाऱ्या फिलिपिनो टोळ्याही फुटल्या. फिलिपिनो आणि मेक्सिकन संघटना मिळून झालेल्या या युनियनमध्ये ते अल्पसंख्य होते, त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही. इटलिओंग १९७१ मध्ये बाहेर पडले. शावेझ फिलिपिन्सला जाऊन तिथल्या हुकूमशहा मार्कोसच्या राजवटीचे पाहुणे झाले, तेव्हा वेरा क्रूझही युनियन सोडून गेले.