‘पुण्यात कसली आलीय थंडी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

परसातल्या केळीला हिवाळ्यात कसं सांभाळावं यावर मी लिहिलं होतं: बुंध्याशी पाचट (उसाची वाळकी पानं) पसरा, आणि थंडीने वाळलेली केळीची पानं फेब्रुवारीपर्यंत खोडावरच ठेवा. त्यावर ‘एक शेतकरी’ या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो: ‘पुण्यात कसली आलीय थंडी? बंगल्यात बसून चार खुंट लावणाऱ्यांनी केळीवर ज्ञान पाजळू नये. जळगावात लाखो खुंट उघड्यावर उभे आहेत. वाळकी पानं ठेवली तर करपा पसरेल. आणि पाचट शहरात आणायचं कुठून?’

पाचटाचं म्हणणं रास्त आहे, मान्य. शहरात उसाचं पाचट सहज मिळत नाही. बुंध्याशी सुका पालापाचोळा किंवा केळीचीच वाळकी पानं पसरली तरी काम होतं.

आता ‘बंगल्यात बसून’. हे शब्द लिहिण्याआधी समोरचा माणूस कोण आहे, हे विचारायची तसदी आपण घेतली नाहीत. माझं बालपण जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात गेलं. घरची केळीची बाग होती. थंडीच्या रात्री वडील मोटार चालू करायला निघाले की कंदील धरून मी सोबत जायचो. विहिरीचं पाणी त्या वेळी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून पाळी रात्रीची. बांधावर ओलसर काडीकचरा पेटवून धूर केला जायचा. वारा अडवायला कडेने शेवरी असायची. एका वर्षी बागेवर थंडीचा असा चरका पडला की पानं पिवळी होऊन कडांनी करपली, निसवणारे, म्हणजे बाहेर पडू लागलेले घड पोंग्यातच, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतच, अडकले, आणि त्या वर्षी घरात लग्न होतं ते पुढे ढकलावं लागलं. त्या घरातल्या माणसाला केळीची थंडी आपण शिकवणार?

आणि ‘उघड्यावर उभे आहेत’ हे कुणाला सांगता? जळगावचा शेतकरी वारा अडवतो, रात्रीचं पाणी देतो, घडाला स्कर्टिंग बॅग (झाकणारी पिशवी) घालतो. तिथली केळी उघड्यावर सोडलेली नाही, राखलेली आहे. तिचं उदाहरण देऊन काहीच करू नका असं सांगणं हा त्या मेहनतीचा अपमान आहे.

पुण्याच्या थंडीचं म्हणाल, तर शिवाजीनगरला १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांची नोंद आहे. इतकं दरवर्षी होत नाही, पण थंडीची लाट आली की पारा दहाच्या खाली जातो. त्याच रात्री मगरपट्ट्यात कितीतरी जास्त तापमान असतं आणि पाषाण, हवेलीकडे हुडहुडी भरते. मी पाषाणला राहतो. आपण पुण्यात कुठे राहता, हे प्रतिक्रियेत नाही. पुण्यातच राहता की नाही, तेही नाही. केळीची वाढ साधारण सोळा अंशांखाली मंदावते, दहाच्या आसपास जवळजवळ थांबते. दिवसा ऊन अठ्ठावीस-तीस अंशांचं असतं म्हणून इथलं झाड मरत नाही, आणि ते मरेल असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण नवं पान येता येत नाही, आलं तर आखूड आणि फिकट येतं, पानं गळ्याशी एकमेकांत दाटतात. ज्या खुंटाचं निसवणं डिसेंबर-जानेवारीत येतं, त्याचा घड नीट बाहेर पडत नाही. म्हणून मी म्हणतो की परसात मुनवा (केळीच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू) पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा, म्हणजे हिवाळ्यात निसवण्याची वेळ येणार नाही आणि झाड थंडीला तोंड देण्याइतकं पक्कं झालेलं असेल. घडासाठी वाढणारा कोंब निसवण्याआधी बराच काळ जमिनीलगत, कंदातच असतो. बुंध्याची ऊब राखायची ती त्याच्यासाठी. आपल्याकडे केळ परसात न्हाणीच्या पाण्यावर लावत आले. सकाळचं ते कोमट पाणी थंडीत मुळाशी जाणं हा त्या जागेचा मोठा गुण आहे.

करप्याबद्दल, म्हणजे पानांवर ठिपके पाडणाऱ्या रोगाबद्दल, एवढंच: ठिपके पडलेला भाग कापून बागेबाहेर न्या, हे मूळ लेखात आहे. नुसत्या थंडीने वाळून खोडाला लोंबणारी पानं मी फेब्रुवारीपर्यंत काढत नाही, काढणारही नाही. ती खोडाला पांघरूण असतात. आपण लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर हा मुद्दा आलाच नसता.

आपण खरोखर केळी पिकवत असाल, तर माझ्यापेक्षा कितीतरी अधिक खुंट आपण पाहिले असतील, आणि मला त्यांच्याबद्दल ऐकायचं आहे. कुठला वाण, लागवड कधीची, गेल्या जानेवारीत पोंगा कसा निघाला, ते लिहा. फक्त ‘ज्ञान पाजळू नये’ ही भाषा पुन्हा वापरलीत तर ती प्रतिक्रिया मी छापणार नाही.