"टाळ्या परत वाजवा, फोटो नीट आला नाही"

मी पुस्तकांच्या पानांची मांडणी करते. आज दुपारी साडेतीनला मी एका क्लायंटला फोनवर समजावत होते, की पान ८६ वरचा तक्ता ८७ वर ढकलला तर मागची अख्खी सूची हलेल. तेवढ्यात पाठीमागून माइकवर आवाज आला, "चला चला, सगळ्यांनी उभं राहायचं! शेजारच्याला सांगा, तुम्ही प्राणी असता तर कोणता असता!"

क्लायंटने विचारलं, "तुम्ही आहात कुठे?"

मी म्हटलं, "ऑफिसात."

तो गप्प झाला. मीही.

आमच्या कोवर्किंगमध्ये, म्हणजे एकेकटे काम करणारे टेबल भाड्याने घेऊन बसतात त्या सामायिक ऑफिसात, फोन बूथ दोन. एकात पाहुण्या वक्त्यांची बॅग आणि कोट ठेवलेला, दुसऱ्यात बॅनरची नळकांडी उभी. मग जिन्यात जाऊन बोलले. परत आले तर माझ्या खुर्चीवर एक अनोळखी माणूस बसलेला, छातीवर नावाचं स्टिकर आणि नावाखाली 'कोल्हा'. आता या वयात कोल्ह्याला खुर्चीवरून कसं उठवायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. काम होणार नव्हतंच, म्हणून उभं राहून ऐकलं.

विषय, 'स्वतःचा ब्रँड घडवा'. पहिली वीस मिनिटं वक्ते स्वतः किती खाली होते आणि किती वर आले याची. शेवटची वीस मिनिटं त्यांच्या कोर्सची, आज नाव नोंदवलं तर सवलत. मधल्या वेळात जे सांगितलं ते मी आत्ता आठवून लिहायचा प्रामाणिक प्रयत्न करतेय आणि 'सातत्य' हा एकच शब्द आठवतोय. आणि मग ते झालं, ज्यामुळे ही पोस्ट लिहायला बसलेय. टाळ्या वाजल्या, लोक उठायला लागले, आणि फोटो काढणारा म्हणाला, "एक मिनिट, बसा. टाळ्या परत वाजवा, फोटो नीट आला नाही."

आणि लोकांनी वाजवल्या! अर्ध्या लोकांनी तर पहिल्यापेक्षा जोरात. मीही वाजवल्या, हे इथे कबूल करते. त्याचाच राग जास्त आहे बहुतेक.

उद्या तो फोटो आमच्या जागेच्या सोशल मीडियाच्या पानावर येईल. खाली 'आमची कम्युनिटी, आमची ताकद'. त्यातली निम्मी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. जी रोज माझ्या डाव्या-उजव्या हाताला बसतात ती हेडफोन घालून, खांदे कानाशी नेऊन, काम संपवायच्या मागे होती. ती फोटोत नाहीत.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना सहा खुर्च्यांची गोष्ट माहीत आहे, मी ती फार वेळा सांगते. तरी परत सांगणार.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सबटायटल करणाऱ्या एक ताई बसायच्या. खिडकीजवळचं टेबल. एका सोमवारी त्यांनी फ्रिजवर हाताने लिहिलेला कागद चिकटवला. 'बुधवारी ४ वाजता. सात महिने अडकलेले पैसे मी कसे सोडवले. सहा खुर्च्या आहेत.' बस. वक्त्याची ओळख नाही, लिंक नाही, बॅनर तर नाहीच.

पाच जण जमलो. सहावा एक सीए. बाटली भरायला आला होता, तसाच टेकला.

ताईंनी काय सांगितलं? पैसे अडकवणारा माणूस आणि पैसे सोडणारा माणूस वेगळे असतात. आपण ज्याच्याशी गोड बोलत राहतो त्याच्या हातात काहीच नसतं, अकाउंट्समध्ये बसलेल्या बाईंचं नाव आधी काढा. भांडणाचा ईमेल लिहू नका, तारखांचा एक पानी कागद करा, कोणत्या दिवशी काय पाठवलं आणि कोणत्या दिवशी काय उत्तर आलं. आणि चूक कुठे झाली तेही सांगितलं. बाकी रक्कम यायच्या आधी शेवटची फाइल देऊन टाकली होती. हे सांगताना त्या मध्येच थांबल्या, म्हणाल्या, त्या दिवशी मी इथल्याच बाथरूममध्ये रडले होते, तुम्ही सगळे बाहेरच बसला होतात.

कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग तो बाटलीवाला सीए म्हणाला, "इन्व्हॉइसवर 'तीस दिवसांत' असं लिहूच नका. त्यांचे तीस दिवस कधी सुरू होतात ते त्यांनाच माहीत. सरळ तारीख टाका."

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक इन्व्हॉइसवर तारीख असते. आणि छपाईची फाइल मी शेवटचा हप्ता आल्याशिवाय सोडत नाही. चाळीस मिनिटांचं वर्कशॉप. फोटो एकही नाही.

मला सांगा, 'सातत्य' मोठं की हे?

आता कोणीतरी खाली लिहिणारच, की कोवर्किंग म्हणजे इव्हेंट आलेच, ती कल्पनाच तशी आहे. थांबा जरा. ही कल्पना ज्याने आजच्या अर्थाने सुरू केली तो ब्रॅड न्यूबर्ग नावाचा सॅन फ्रान्सिस्कोतला प्रोग्रामर. ९ ऑगस्ट २००५ ला त्याने त्याबद्दल लिहिलं, म्हणून तर ९ ऑगस्टला कोवर्किंग दिवस पाळतात आणि आमच्याकडे फुगे लागतात. त्याची अडचण साधी होती. नोकरीत सोबत मिळते पण मोकळीक नाही, एकट्याने काम केलं तर मोकळीक मिळते पण सोबत नाही. त्याला दोन्ही एकाच जागी हवं होतं. आठवड्यातले दोन दिवस एक जागा मिळवली, टेबलं मांडली आणि वाट बघत बसला. पहिला महिनाभर कोणीही आलं नाही. कोणीही! मला हा भाग फार आवडतो. रिकाम्या टेबलांचा फोटो काढून त्याने 'आमची ताकद' लिहिलं असेल असं वाटत नाही.

हो, त्याच्याकडेही ध्यान आणि एकत्र जेवण वगैरे असायचं. म्हणजे कार्यक्रम होतेच. ठीक आहे. पण ते तिथे बसणाऱ्यांसाठी होते. आजचा कार्यक्रम बसणाऱ्यांना उठवून होता.

आणि पद्धती नाहीत असंही नाही, हे जास्त डोक्यात जातं. हॅरिसन ओवेन म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी वर्षभर खपून एक परिषद भरवली आणि शेवटी लोक म्हणाले, सगळ्यात छान काय होतं तर मधल्या कॉफीच्या सुट्ट्या. दुसरा कोणी असता तर रुसून बसला असता. यांनी १९८५ मध्ये असा मेळावा भरवला, की ज्याचा कार्यक्रम आलेले लोकच भिंतीवर लिहून ठरवतात. त्याला ओपन स्पेस म्हणतात. त्यात एक 'दोन पायांचा नियम' आहे. जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि देतही नाही, तिथून आपल्या दोन पायांनी उठून दुसरीकडे जायचं, कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही. आज तो नियम असता तर वक्ते आणि कोल्हा एवढेच उरले असते.

टोकियोत २००३ मध्ये अॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या दोन वास्तुरचनाकारांनी पेचाकुचा नावाची भाषणाची पद्धत सुरू केली. वीस चित्रं, प्रत्येकाला वीस सेकंद, चित्र आपोआप पुढे सरकतं. सहा मिनिटं चाळीस सेकंदांत माणूस खाली बसलाच पाहिजे. किती माणुसकीचा नियम आहे हा! स्वतः किती खाली होतो आणि किती वर आलो हे सांगायला सहा मिनिटं चाळीस सेकंद पुष्कळ झाले. बारकॅम्प नावाचा खुला मेळावा तर कोवर्किंगच्याच २००५ सालचा. तिथे प्रेक्षक ही जातच नाही, जो येईल त्याने काहीतरी मांडायचं किंवा हातभार लावायचा. हे सगळं फुकट उचलता येतं. आमच्याकडे त्यातलं काय उचललं? स्टिकर.

बरं. श्वास घेते.

आमच्याकडचे हे कार्यक्रम ठरवणाऱ्या कम्युनिटी मॅनेजरबद्दल लिहिणार होते आणि फार वाईट लिहिणार होते. सगळे निघून गेल्यावर मी त्याच्याकडे गेले, तावातावानेच गेले. तो एकटाच खुर्च्या रचत होता. एकेक स्टिकर जमिनीवरून खरवडून काढत होता. मी म्हटलं, "अरे, कामाच्या वेळेत माइक?" तो म्हणाला, "ताई, महिन्याला आठ इव्हेंट करायचे असतात. वर आकडा द्यावा लागतो. संध्याकाळी ठेवला तर कोणी थांबत नाही, सकाळी ठेवला तर कोणी येत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "मलापण नाही कळत ते प्राण्यांचं."

या पोराला मी काय बोलू? आठ. महिन्याला आठ वेळा आपलेपणा तयार करायचा, मोजून. त्याच्या जागी मी असते तर पहिला जो कोर्सवाला 'फुकट बोलतो' म्हणाला असता त्याला मीही माइक दिला असता. फुकट बोलणारा वक्ता फुकट बोलत नाही, समोरची माणसं त्याची फी असतात. ती फी आमच्या वेळेतून जाते, आणि आकडा वर जातो.

तर राग पुन्हा आला, पण तो आता आठ हा आकडा ज्याने ठरवला त्याच्यावर. सहा खुर्च्यांचा कार्यक्रम त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात जातो? 'उपस्थिती: ६, त्यात १ पाणी भरायला आलेला.' नापास. आणि आजचा? चाळीस माणसं, पास. तो सीए आणि एक चित्रकार मुलगी पुढे वर्षभर एकमेकांची कामं करत होते, ती त्याची चित्रं आणि तो तिचे हिशेब. ते कोणत्या महिन्याच्या आकड्यात धरायचं?

एक मात्र मान्य करते, दात ओठ खाऊन का होईना. माझ्यासारखी माणसं कोणी ढकलल्याशिवाय बोलत नाहीत. सबटायटलवाल्या ताईंच्या शेजारी मी चार महिने बसले होते, तो कागद लागेपर्यंत मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. त्या आत रडत होत्या तेव्हा मी बाहेर असणार. बहुतेक समास सरळ करत असेन. प्राण्यांसारख्या एखाद्या भंपक आईसब्रेकरने, म्हणजे ओळख करून देणाऱ्या खेळाने, आम्ही दोघी आधी बोललो असतो तर? असतो कदाचित. गेल्या महिन्यात नव्या आलेल्या एका मुलाला अशाच नेटवर्किंगमध्ये पहिलं काम मिळालं, तेही खरं. आणि हॉल भाड्याने दिल्याशिवाय आमच्या टेबलांचं भाडं निघत नाही हेही मला कोणी सांगायला नको.

तरी माइक नको. माइक लागतो एवढी माणसं एका खोलीत असली की एकही माणूस 'मी रडले होते' म्हणणार नाही. आपण सगळे इथे एकेकटे काम करणारे. कोणाला विचारायचं असतं, की क्लायंट फोन उचलत नाही तेव्हा काय करायचं, दर वाढवायचं पत्र कसं लिहायचं, आजारी पडलो तर डेडलाइनचं काय. ब्रँड काय घडवता? आधी पाच वाजता मूल शाळेतून आणायचं असणारी बाई साडेपाचच्या पॅनेलला कशी येणार ते बघा. कधीच येत नाही ती, आणि तिच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं.

सबटायटलवाल्या ताई मागच्या वर्षी जागा सोडून गेल्या. निरोप समारंभ नव्हता, तो इव्हेंट कोणी केला नाही. एका सकाळी खिडकीजवळ दुसराच लॅपटॉप होता. मी त्यांना कधी सांगितलंच नाही, की त्या चाळीस मिनिटांमुळे माझे किती पैसे वाचले. आज जिन्यातून मेसेज केला. अजून निळी टिक नाही.

आणि निघताना फ्रिजवर एक कागद लावून आले. 'गुरुवारी ४ वाजता. दोनशे पानांच्या पुस्तकाचं मी एका रात्रीत कसं वाटोळं केलं आणि मग कसं निस्तरलं. सहा खुर्च्या आहेत.' अक्षर वाईट आहे माझं, शिवाय 'निस्तरलं' खालच्या ओळीत गेलं. मांडणी करणारीचा कागद असा.

घरी पोचायच्या आत कम्युनिटी मॅनेजरचा मेसेज. "ताई, रजिस्ट्रेशनची लिंक बनवू का?"

नको म्हटलं.

"मग मोजला तर चालेल ना? आठातला एक?"

मोज म्हटलं. फोटो नाही काढायचा.

बराच वेळ 'टाइपिंग' दिसत होतं. मग आलं, "मी पण येऊ? मी उभा राहीन मागे."

उभा कशाला राहतो. सातवी खुर्ची लागेल आता, आणि त्या फ्रिजजवळच्या कोपऱ्यात सात काही मावत नाहीत. बॅनरची नळकांडी हलवली तर होईल. उद्या बघते.