सबवूफर नंतर घ्या, आधी बॉक्स ठरवा

गाडीत सबवूफर बसवायचा म्हटलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात. कोणत्या कंपनीचा घेऊ? किती वॅटचा घेऊ? बॉक्सबद्दल फारसं कुणी विचारत नाही. वूफर घ्यायचा, त्याच्या मापाचं भोक असलेला एखादा तयार बॉक्स उचलायचा आणि डिकीत सरकवायचा, झालं काम. मला हे मनापासून खटकतं, कारण वूफर कसा वाजणार याचा निम्मा निकाल बॉक्स लावतो.

वूफरचा कोन, म्हणजे पुढे-मागे हलणारा पडदा, पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या सुरांत या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. उघडा वूफर हातात धरून वाजवला तर नुसता कोन हलताना दिसतो, बेस येतच नाही. बॉक्सचं पहिलं काम म्हणजे या दोन लाटा वेगळ्या ठेवणं. दुसरं काम त्याहून महत्त्वाचं: बंद बॉक्समधली हवा स्प्रिंग बनते आणि कोनाला जागेवर परत आणते. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये याच कल्पनेवर घरगुती स्पीकर बाजारात आणला आणि लहान खोक्यातून खोल बेस काढून दाखवला. आजचा सील्ड, म्हणजे पूर्ण बंद बॉक्स म्हणजे तेच तत्त्व.

पोर्टेड, म्हणजे पोर्ट (हवेची वाट) ठेवलेल्या बॉक्सची गोष्ट याहून जुनी. बेल लॅब्सच्या आल्बर्ट थुरास यांना त्याचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. बॉक्सला ठरावीक लांबीची नळी किंवा फट ठेवली की आतली हवा एका विशिष्ट कंप्रतेला स्वतःच डोलू लागते; हेच बॉक्सचं ट्यूनिंग. त्या कंप्रतेच्या आसपास कोन जवळजवळ स्थिर असतो आणि आवाज पोर्ट काढतो. तेवढ्याच वॅटमध्ये बेस दणदणीत मिळतो, हे खरंच आहे. पण ट्यूनिंगच्या खाली गेलं की आवाज सप्तकामागे २४ डीबीने (डेसिबलने) कोसळतो. सील्डमध्ये हीच घसरण १२ डीबीची असते. शिवाय ट्यूनिंगखाली कोनाला मागून आधार उरत नाही. ३५ हर्ट्झला ट्यून केलेल्या बॉक्समध्ये २५ हर्ट्झचा सूर जोरात वाजवला तर कोन वाट्टेल तसा उसळतो. म्हणून पोर्टेड बॉक्स लावायचा तर ॲम्प्लिफायरला सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अति खालचे सूर अडवणारी सोय, हवीच, त्यात तडजोड नको.

माझं स्पष्ट मत आहे की गाडीत बहुतेकांनी योग्य मापाचा सील्ड बॉक्सच घ्यावा. कारण खुद्द गाडीच्या केबिनमध्ये आहे. केबिनची आतली लांबी २.५ मीटर धरा. ज्या सुराची अर्धी लाटसुद्धा तिच्यात मावत नाही, म्हणजे साधारण ७० हर्ट्झच्या खालचे सूर, ते केबिनमध्ये नुसता हवेचा दाब वाढवत राहतात आणि जितकं खाली जावं तितका बेस आपोआप चढतो. तत्त्वतः ही चढण सप्तकामागे १२ डीबी असते. दारं, काचा आणि पत्रा थरथरतात, फटींतून हवा निसटते, म्हणून प्रत्यक्षात कमी मिळते. तरीही बघा, सील्ड बॉक्स ज्या उतारावरून खाली येतो, गाडी त्याच उतारावर वर ढकलते. घरातल्या मोठ्या खोलीत सील्डचा खोल बेस तोकडा वाटू शकतो, गाडीत तोच वूफर पार तळाचे सूर काढतो.

फरक ऐकायचा असेल तर तबला लावा. डग्ग्यावरचा घिस्सा नीट जुळलेल्या बॉक्समधून ऐकला की सूर कुठून कुठे सरकला ते कळतं. चुकीच्या मापाच्या बॉक्समध्ये सगळ्याचा एकच ‘धुम्म’ होतो. बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची असते, तिच्यावरचे सूर एकेक करून चढत गेले पाहिजेत. त्यातला एखादाच अंगावर येत असेल तर गडबड बॉक्समध्येच शोधा.

आता तयार बॉक्सची गंमत सांगतो, म्हणजे टेप घेऊन स्वतः पडताळता येईल. बाहेरून ४५ बाय ३५ बाय ३० सेंटिमीटरचा बॉक्स घेतला तर ४७ लिटर भरतो. पण १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) दोन्ही बाजूंनी वजा केल्यावर आत उरतात ३४ लिटर. वूफरचं लोहचुंबक आणि सांगाडा आणखी दोन-तीन लिटर खातात. माहितीपत्रकात मागितलेलं असतं हे शेवटचं, निव्वळ आकारमान, आणि विकणारा बऱ्याचदा बाहेरचं सांगतो. बॉक्स लहान पडला की बेसला वरच्या बाजूला कुबड येतं आणि त्याचा खोलपणा जातो.

किती लिटर हवेत, हे वूफरचेच आकडे सांगतात. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेलं आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी वाढवलेलं गणित आज प्रत्येक चांगल्या वूफरच्या कागदावर छापलेलं असतं: एफएस (वूफरची स्वतःची नैसर्गिक कंप्रता), क्यूईएस आणि क्यूटीएस (कोनाची थरथर किती आवरली जाते याचे आकडे), व्हीएएस (कोनाच्या लवचिकपणाइतकी स्प्रिंग देणाऱ्या हवेचं आकारमान). एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर ५० च्या आसपास किंवा त्याखाली आलं तर वूफर सील्डसाठी बनलाय, १०० च्या जवळ गेलं तर पोर्टेडसाठी. मग विनआयएसडीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरून आलेख बघा. ज्या वूफरचे हे आकडेच मिळत नाहीत तो मी घेत नाही.

ज्यांना दणकाच हवाय, डिकी रिकामी ठेवता येते आणि पोर्टची लांबी-रुंदी मोजून बॉक्स बनवून घ्यायची तयारी आहे, त्यांनी पोर्टेड जरूर करावा. पोर्ट मात्र अरुंद ठेवू नका, मोठ्या आवाजात हवा फुसफुसते. बँडपासच्या, म्हणजे वूफर आत बंद करून फक्त पोर्टमधून आवाज काढणाऱ्या बॉक्सच्या वाटेला मी कुणाला पाठवत नाही. काचेतून दिवे दिसतात, पण एका पट्ट्यापलीकडे तो फारसं वाजत नाही.

बॉक्स बनवून घेताना सांध्यांना आतून भरपूर गोंद आणि सीलंट लावून घ्या. सील्ड असेल तर जोडणी झाल्यावर कोन दोन्ही हातांनी हलकेच, सरळ आत दाबा, काही सेकंद धरा आणि सोडा. तो सावकाश परत यावा. झटकन आला तर कुठूनतरी हवा जातेय, वायरच्या टर्मिनलपासून तपासायला सुरुवात करा.

आणि बॉक्स पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने गाडीला बांधा. वूफरसकट त्याचं वजन २० किलोच्या वर सहज जातं आणि जोरात ब्रेक लागला की ते सगळं मागच्या सीटवर बसलेल्यांच्या दिशेने येतं. बांधणी अशी करा की स्टेपनी काढायची वेळ आली तर बॉक्स पाच मिनिटांत बाजूला करता येईल.